जुनी डिझेल हॅचबॅक घेताना नावापेक्षा इंजिन बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीन-कापसाचे पैसे हाती आले की मराठवाड्यात जुन्या गाड्यांच्या बाजाराला तेजी येते. जालना, बीड, परभणी, लातूर, कुठेही जा, तीन-चार लाखांत घरची गाडी हवी असणाऱ्यांचा ओढा अजूनही डिझेल हॅचबॅककडेच आहे. स्विफ्ट घ्यावी की आय-ट्वेंटी, की फिगो स्वस्तात मिळते म्हणून ती घ्यावी, हा प्रश्न गॅरेजवर कायम येतो. बहुतेक वेळा तो बयाणा देऊन झाल्यावर येतो आणि तेव्हा मेकॅनिकच्या हातात फारसे काही उरलेले नसते. घेणाऱ्यांना आधीच उपयोग व्हावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सगळ्यात आधी हिशेब रनिंगचा करावा. डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर धरा. डिझेल गाडीने १८ आणि त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीने १५ चा अ‍ॅव्हरेज दिला, तर किलोमीटरला एकीकडे ५ रुपये आणि दुसरीकडे जवळपास ७ रुपये पडतात. महिन्याला १,५०० किलोमीटर चालणाऱ्याची वर्षाला ३५ हजारांच्या आसपास बचत होते. महिन्याला ४०० किलोमीटरच चालत असेल, तर बचत सव्वानऊ हजारांच्या आसपासच राहते आणि एक इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, बदलायची वेळ आली की तीही संपते. गावातल्या गावात शाळा, बाजार, दवाखाना एवढाच फेरा असेल तर डिझेल घेऊच नये. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (हा थोडा धूर परत इंजिनात सोडतो) आणि इनटेक म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत काजळी साचते, पिकअप मरतो. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना तर सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ म्हणजे काजळीची जाळी असते. ती जळून साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. अल्ट्रोज डिझेल गावात फिरवायला घेणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे. धुळे-सोलापूर महामार्गावर किंवा समृद्धीवर नियमित जा-ये असलेल्यांना मात्र डिझेल आजही परवडते.

आता गाड्यांचे बोलू. स्विफ्ट, रिट्झ, बलेनो, इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट, बोल्ट, पुंटो ही नावे वेगळी असली तरी सगळ्यांच्या बोनेटखाली फियाटचे १,२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिनच आहे. डिझायर, ब्रेझा, झेस्ट यांतही तेच होते. त्यामुळे या इंजिनाचा पार्ट आणि त्यावर हात बसलेला माणूस, दोन्ही तालुक्याला मिळतात. रोजच्या वापराच्या गाडीत याला मी सर्वांत जास्त किंमत देतो. त्यातही माझे मत रिट्झच्या बाजूने आहे. इंजिन तेच, सीट उंच असल्याने गुडघेदुखीच्या माणसाला चढ-उतर सोपी, आणि नाव स्विफ्टइतके चालत नसल्याने त्याच सालची गाडी कमी पैशात मिळते. व्हिस्टा आणि पुंटोचे सस्पेन्शन आपल्या रस्त्यांना जास्त चांगले आहे, पण पुंटोचे काच-बंपर-लाइट शोधत फिरावे लागते, कारण फियाटने इथला गाड्यांचा धंदाच आवरला. बीट डिझेलचे दुखणेही तेच, शेवरोलेची विक्री २०१७ अखेर थांबली. फिगोवाल्या फोर्डने २०२१ मध्ये भारतात विकायच्या गाड्या बनवणे बंद केले. फिगोचे इंजिन दणकट आहे आणि पार्ट मिळतात, पण बॉडी पार्ट किती दिवसांत येतो हे जवळच्या दुकानात विचारूनच घ्यावी. आय-ट्वेंटी १.४ सीआरडीआय लांबच्या प्रवासाला उत्तम, इंजिन ताकदवान आणि शांत, मात्र खर्चाचा आकडा मारुतीपेक्षा मोठा येतो. पोलो मजबूत आहे, पण तिच्या कामाला जाणकार मेकॅनिक लागतो. तो जवळ नसेल तर मोह टाळावा.

इंजिनाचे टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, चेनवर आहे की बेल्टवर, हे घेण्याआधी माहीत हवे. मल्टिजेट आणि आय-ट्वेंटीचे १.४ चेनवर चालतात. फिगो, पोलो, निसान मायक्रा आणि रेनो पल्स बेल्टवर. बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना, जे आधी होईल तेव्हा, बदलायचा असतो. बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे आणि बेल्ट, त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि आयडलर पुली यांचा खर्च किमतीतून वजा करावा. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही सोबतच बदलावा. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उतरवावे लागते. चेनला अशी मुदत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण मल्टिजेटची चेन ऑइलच्या दाबावर ताणलेली राहते. ऑइल बदलायला उशीर केला, किंवा ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ड्रममधले १५ डब्ल्यू ४० हे जाड ऑइल या गाडीत ओतले, की थंड इंजिनात दाब बनायला वेळ लागतो, टेन्शनर ढिला राहतो आणि चेन गाइडवर आपटते. अशा सैल चेनच्या गाडीला धक्का मारून स्टार्ट केले तर चेन दात सोडू शकते. मग रॉकर तुटतात. या इंजिनाला ५ डब्ल्यू ३० दर्जाचे ऑइलच टाकावे, आणि आपल्याकडची धूळ बघता १० हजारांची वाट न पाहता साडेसात हजारांना बदलावे.

गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी जा आणि आधी बोनेटवर हात ठेवा. बोनेट गरम लागले तर गाडी तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनाने दोन-तीन सेकंदांत धरले पाहिजे. स्टार्ट होताच पुढच्या बाजूने क्षणभर खडखड येऊन थांबली तर टेन्शनरवर लक्ष ठेवावे. ती चालूच राहिली तर पूर्ण चेन किट आणि पुढचे कव्हर उघडण्याची मजुरी गृहीत धरा. एप्रिल-मेमध्ये गाडी घेणाऱ्यांनी ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग, मुद्दाम मीटरने तपासून घ्यावेत. आपल्या उन्हाळ्यात ते निकामी असले तरी गाडी सहज सुरू होते आणि दोष डिसेंबरच्या थंडीत पांढऱ्या धुरासकट बाहेर येतो.

इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण काढून तसेच उलटे ठेवा. थोडी वाफ दिसणे ठीक आहे. झाकण नाचत असेल आणि धुराचे ठोके बाहेर पडत असतील तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. त्याचे कारण बहुधा एअर फिल्टरच्या डब्यात सापडते. डबा उघडून फिल्टर बाजूला काढा आणि फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवा. तिथे धूळ लागली तर ती फिल्टरला चुकवून थेट सिलिंडरमध्ये जात होती. काळ्या मातीच्या आणि मुरमाच्या रस्त्यांवर चाललेल्या गाड्यांत हे फार दिसते. विकणारा इंजिन धुऊन-पुसून चकचकीत करतो, या पाइपाकडे कुणी बघत नाही.

इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचा, होज सोडून बघा. आत तेलाचा ओलावा असणे नेहमीचे, तेल साचलेले असेल तर टर्बोचा शाफ्ट हलवून पाहायला लागेल. ७५ एचपीच्या मल्टिजेटचा टर्बो साधा आहे, ९० एचपीवाल्याचा व्हीजीटी म्हणजे आतली पाती हलणारा, तो दुरुस्तीला महाग.

इंजेक्टरची खरी तपासणी रिटर्न टेस्टने होते आणि ती पंधरा-वीस मिनिटांत होते. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपा काढून त्या जागी पारदर्शक नळ्या लावायच्या, प्रत्येकीखाली सारखी बाटली ठेवायची आणि इंजिन काही मिनिटे आयडलवर चालवायचे. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखे यायला हवे. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून झिजला आहे आणि डिझेल सिलिंडरऐवजी टाकीकडे परत जाते आहे. अशा गाडीचे ओळखीचे लक्षण म्हणजे थंड असताना नीट सुरू होते, पण गरम झाल्यावर पेट्रोल पंपावर बंद केली की परत सेल खात राहते. गरम डिझेल पातळ होते, गळती वाढते आणि सेल मारताना रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक पाइपात, पुरेसा दाब बनत नाही. स्कॅनर लावला की तोच दाब आकड्यात दिसतो. स्कॅनरवर 'कोड नाही', म्हणजे दोषाची नोंद नाही, एवढ्याच उत्तरावर समाधान मानू नका, सेल मारताना रेल प्रेशर किती चढते ते दाखवायला सांगा.

इथे जुन्या इंडिकावर हात बसलेल्या मंडळींना कळकळीची विनंती आहे. त्या इंजिनात हवा धरली की पाइपाची नट ढिली करून सेल मारायची सवय होती. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनाची हाय प्रेशर नट कधीही सोडू नका. त्या दाबाची डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते.

डिझेल फिल्टरच्या खालचा पाण्याचा निचरा सोडून काचेच्या भांड्यात घ्या. तळाशी पाणी दिसणे एक वेळ समजू शकते. चंदेरी कण दिसले तर पंप खरवडतो आहे आणि ते कण इंजेक्टरपर्यंत पोहोचलेले असणार. त्या गाडीपासून लांब राहा, किंमत कितीही पाडली तरी. कॅनमध्ये, शेतातल्या ड्रममध्ये साठवलेले डिझेल वापरणाऱ्यांच्या गाड्यांत हा प्रकार जास्त आढळतो.

कूलंटची टाकी इंजिन थंड असतानाच उघडावी. पाणी तांबूस असेल किंवा कडेला पांढरा थर दिसत असेल तर आतापर्यंत बोअरचे पाणी ओतले गेले आहे. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात आणि मग मे महिन्यात घाटात काटा वर चढतो. इंजिन चालू केल्यावर टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

चालवून बघताना पाच माणसे बसवा, किमान वीस किलोमीटर जा आणि एक चढ घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वाढले आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतो आहे. २,००० आरपीएमच्या खाली या इंजिनांना दम कमी असल्याने बरेच लोक क्लचवर पाय ठेवून चालवतात, म्हणून क्लच हा नेहमीचा बळी. पुढून टकटक येत असेल तर लिंक रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश बघावेत. डिझेल इंजिनाचे वजन पुढे असल्याने ते लवकर जातात, पण मारुतीला हा खर्च छोटा असतो. एसी दुपारी, गाडी उभी करून तपासावा.

मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नये. पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि अधिकृत वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्ट्री यांचा मेळ लागतो का ते बघावे. व्यवस्थित ठेवलेली दीड लाख चाललेली गाडी ही मीटर मागे फिरवलेल्या 'साठ हजारा'पेक्षा केव्हाही चांगली.

दिल्ली पासिंगच्या गाड्यांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या स्वस्तात इकडे येतात. महाराष्ट्रात तो दहा वर्षांचा नियम नाही, त्यामुळे गाडी घेणे बेकायदा नाही. पण तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), इथला टॅक्स आणि नव्या नंबरचा खर्च धरला की स्वस्ताईचा मोठा भाग जातो. शिवाय ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास आयडलवर चाललेल्या इंजिनाचे वय मीटरवर दिसत नाही. एनओसी हातात नसेल तर एक रुपयाही देऊ नये.

गाडी कुठलीही असो, नोंदणीची किती वर्षे उरली ते मोजा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची स्विफ्ट २०२७ मध्ये फिटनेस आणि पर्यावरण कराला उभी राहील. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केले, त्यामुळे त्यांची नव्यात नवी डिझेल गाडीही २०२० च्या सुरुवातीचीच. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या एनओसीसोबत फॉर्म ३५, नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, थकीत ई-चलन, पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, हे सगळे व्यवहाराच्या दिवशीच पाहावे. विकणाऱ्यांनाही सांगतो, गाडी समोरच्याच्या नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे मिळाले म्हणून गप्प बसू नका. अपघात झाला तर आरसी बुकावर ज्याचे नाव त्याच्या घरी नोटीस येते.

आपल्या दैनिकाकडे एक मागणी आहे. छोट्या जाहिरातींत जुन्या गाडीपुढे 'टॉप कंडिशन, फॅमिली युज' एवढेच छापले जाते. त्याऐवजी नोंदणीचा महिना-साल, कितवा मालक, कोणत्या आरटीओचे पासिंग आणि विमा कधीपर्यंत, या चार गोष्टी जाहिरातदाराकडून सक्तीने घ्याव्यात. हिंगोली-परभणीच्या माणसाचा गाडी बघायला संभाजीनगरपर्यंतचा एक हेलपाटा त्यातून वाचेल.

आपला,
एक डिझेल मेकॅनिक, जालना