जागा रिकाम्या, तरी मुली घरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या की 'इतक्या जागा रिक्त' ही बातमी दरवर्षी ठरलेली. तिच्यावरून निष्कर्षही दोनच निघतात. एक तर महाविद्यालयं गरजेपेक्षा जास्त झाली, नाही तर हल्लीच्या मुलांना शिकायचंच नाही. प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे बसणाऱ्याला तिसरंच काही दिसतं. मुलगी शिकायला तयार असते, जागा असते, सवलतीची योजनाही असते. या तिघांच्या तारखा मात्र एकमेकींशी जुळत नाहीत.

नव्या शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत उच्च शिक्षणातला नोंदणी दर ५० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं आहे. २०२१-२२ च्या उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात १८ ते २३ वयोगटासाठी देशाचा हा दर २८.४ टक्के होता, महाराष्ट्राचा ३५.३ आणि तमिळनाडूचा ४७. हे अंतर नुसत्या नव्या इमारती बांधून भरणार नाही, कारण आहेत त्या इमारतींतलीच बाकं रिकामी आहेत.

मुलींच्या शुल्कमाफीचं उदाहरण घ्या. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क ५० ऐवजी १०० टक्के माफ झालं. अट कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असण्याची. निर्णय चांगलाच आहे. पण गावागावांत तो 'मुलींना आता सगळं फुकट' असा पोहोचला आणि दोन गोष्टी मधल्या मध्ये गळाल्या. पहिली अशी, की माफी फक्त या दोन शुल्कांना आहे. विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ त्यात येत नाही. दुसरी जास्त महागात पडते. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर, म्हणजे थेट महाविद्यालयात, घेतलेल्या प्रवेशाला माफी नाही. वर्ग एकच, बाक एकच, शिक्षकही तेच. एका मुलीला शून्य शुल्क आणि शेजारणीला पूर्ण.

मुली कॅपमधून बाहेर कशा पडतात, हेही पाहण्यासारखं आहे. २०२५-२६ मध्ये अभियांत्रिकीला चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी महाविद्यालय लागलं, तर ते घेणं बंधनकारक होतं. न घेतल्यास पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद. आता पसंतीक्रम भरतं कोण? बहुतेक वेळा तालुक्याच्या गावचा सायबर कॅफेवाला. तो मागच्या वर्षीचा कटऑफ समोर ठेवतो आणि वरून खाली यादी उतरवून काढतो. घरापासूनचं अंतर, वसतिगृह, एसटी हे त्याच्या यादीत नसतं. मग तिसऱ्या पसंतीवर दीडशे किलोमीटर दूरचं नाव लागतं, वडील 'एवढ्या लांब नको' म्हणतात आणि मुलगी फेरीबाहेर होते. सप्टेंबरमध्ये जवळच्या महाविद्यालयात जागा शिल्लक असते, पण ती संस्थास्तरावर मिळते. शुल्कमाफी तेवढ्यात जाते. त्यात ओटीपी कॅफेवाल्याच्या मोबाइलवर येत असेल, तर फेरीचा निकाल लागल्याचंही घरी दोन दिवस उशिरा कळतं. हे टाळायचा उपाय फुकट आहे. पहिल्या सहा पसंतींत फक्त अशीच नावं टाकायची जिथे लागल्यास मुलगी खरोखर जाईल, आणि अर्जावर नंबर घरचाच द्यायचा. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने निकालाआधी एक शनिवार पालकांसाठी ठेवून हे समजावलं, तरी पुष्कळ नुकसान वाचेल.

पुढची अडचण दाखल्यांची. जात पडताळणीचा अर्ज बारावीचा निकाल लागल्यावर करायचा नसतो, तो अकरावीतच करायचा असतो. नमुना १६ मधला अर्ज, प्राचार्यांचं १५-अ प्रमाणपत्र, नमुना ३ आणि १७ ची शपथपत्रं, वंशावळ आणि वडिलांकडच्या नातेवाइकांचे पुरावे एवढं लागतं. पुरावा कोणत्या तारखेआधीचा हवा, ते प्रवर्गावर ठरतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा किंवा गाव नमुना १४, म्हणजे जुनं कोतवाल बुक, यांतली नोंद मोडी लिपीत निघाली तर तिचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं. कुठे आडनावाऐवजी नुसतं 'रामा वल्द गोंदा', म्हणजे गोंदाचा मुलगा रामा, असतं; मग मधल्या पिढीची साखळी जोडत बसा. हे पंधरा दिवसांचं काम नव्हे. काकांची किंवा सख्ख्या भावाची जात पडताळणी झालेली असेल तर ते प्रमाणपत्र अर्जाला आधी जोडावं, काम निम्म्याने हलकं होतं. विज्ञान शाखेत शिक्षक मागे लागतात म्हणून अर्ज होतात. कला-वाणिज्यच्या मुलांना कुणी सांगत नाही, आणि विधी किंवा बीबीएच्या फेरीत राखीव जागेवर नाव लागल्यावर त्यांची धावपळ सुरू होते. नुसत्या पोचपावतीवर अर्ज भरता येतो, पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर उमेदवार खुल्या गटात जातो. मुदत बहुतेक वर्षी वाढते हे खरं. ती वाढेलच या भरवशावर राहणं धोक्याचं आहे.

नॉन-क्रिमिलेअरचं, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याचं, तर साधं गणित चुकतं. दाखला चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतो. जून २०२६ मध्ये प्रवेश असेल तर तो ३१ मार्च २०२७ पर्यंत चालला पाहिजे. गेल्या वर्षी एका वर्षाचा काढलेला दाखला याच मार्चमध्ये संपलेला असतो आणि ते लक्षात येतं अर्ज तपासणीच्या टेबलावर. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे दिले तर तीन वर्षं चालणारा दाखला मिळतो. सेतू केंद्रात तोच मागून घ्यावा. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला मात्र दर आर्थिक वर्षाला नवा लागतो, म्हणून तो एप्रिलमध्येच काढावा, निकालाच्या गर्दीत नव्हे. तहसील आणि प्रांत कार्यालयांनी एप्रिल-मे महिन्यांत कनिष्ठ महाविद्यालयांत शिबिरं लावली तर जूनमधल्या रांगा आणि 'सर्व्हर डाउन'चा जप दोन्ही कमी होतील.

आता पैसा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज विद्यार्थ्याने भरायचा, तो महाविद्यालयाच्या लेखनिकाच्या लॉगिनवर येतो, तिथून प्राचार्यांच्या आणि मग संबंधित विभागाच्या. कुठल्याही पायरीवरून तो त्रुटीसाठी परत येऊ शकतो. परत आल्याचं विद्यार्थ्याने पोर्टल उघडून पाहिलंच नाही तर मुदत संपते आणि वर्ष जातं. सर्वांत जास्त अर्ज बँक खात्यावर अडतात. 'आधार लिंक आहे' असं बँकेत सांगतात ते केवायसीपुरतं असतं. शिष्यवृत्तीला एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदीत आधार कोणत्या खात्याशी जोडलेला आहे, ते महत्त्वाचं. मुलाने मध्येच दुसरं खातं उघडून तिथे आधार जोडला, तर पैसे त्या नव्या खात्यात जातात आणि तो जुन्याच पासबुकात नोंद शोधत बसतो. प्रवेशाच्याच दिवशी खिडकीवर प्रत्येकाची एनपीसीआय स्थिती तपासून घेतली तर हिवाळ्यातल्या निम्म्या खेपा वाचतात. दोन मिनिटांचं काम आहे.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत, अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेत, केंद्राचा ६० टक्के हिस्सा २०२१-२२ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातलं शुल्क त्याने सात दिवसांत महाविद्यालयात भरायचं, असा नियम. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात रक्कम कधी येईल हे ना मुलाला माहीत, ना महाविद्यालयाला. ती येते तेव्हा घरात आजारपण किंवा पेरणी असते आणि पैसे खर्चून जातात. मग परीक्षेच्या तोंडावर हॉल तिकिटासाठी वाद. दुसरी बाजूही सांगायला हवी. विनाअनुदानित महाविद्यालयात शिक्षकांचा पगार शुल्कावर चालतो. शासनाकडून येणारी शुल्काची प्रतिपूर्ती दोन-दोन वर्षं थकली की 'आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ' हे वाक्य खिडकीवर ऐकू येऊ लागतं. शासनाची परिपत्रकं त्याच्या विरोधात आहेत, पण परिपत्रकाने पगार होत नाही. पहिल्या सहामाहीची रक्कम डिसेंबरपूर्वी देण्याचं बंधन विभागाने स्वतःवर घातलं, तरच महाविद्यालयांवरचं बंधन अर्थपूर्ण ठरेल.

पारंपरिक पदवीकडे वळू. बीए, बीकॉम, बीएस्सीचे प्रवेश जून-जुलैत आटोपतात, कॅपच्या फेऱ्या सप्टेंबरपर्यंत चालतात. बारावी विज्ञानचा विद्यार्थी हातचं राखून बीएस्सीला नाव घालतो आणि अभियांत्रिकी वा फार्मसी लागली की रद्द करतो. त्यात त्याची चूक नाही. १२० च्या तुकडीतून पंधरा-वीस नावं अशी गेली, तर त्या जागा भरायला प्रतीक्षा यादी उरलेली नसते. त्या यादीतला मुलगा एव्हाना एमआयडीसीत कामाला लागलेला असतो. शुल्क परताव्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे टप्पे स्पष्ट आहेत. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण (प्रक्रिया खर्चापोटी ५ टक्के, जास्तीत जास्त ५ हजारांची कपात), त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, नंतरच्या पंधरा दिवसांत ८०, पुढच्या पंधरा दिवसांत ५० आणि तीस दिवसांनंतर काही नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायला मनाई आहे. तरी काही ठिकाणी ती अडवली जातात आणि मुलगा रद्द करायचं पुढे ढकलतो. त्यात जागाही कुजते. दर सोमवारी रिकाम्या जागा फलकावर लावणं, प्रतीक्षा यादीतल्यांना फोन करणं आणि ती यादी कॅपच्या शेवटच्या फेरीपर्यंत जिवंत ठेवणं, एवढं विद्यापीठांनी सक्तीचं करावं. उशिरा आलेल्यांची हजेरी प्रवेशाच्या दिवसापासून मोजावी, नाही तर ७५ टक्क्यांच्या अटीत ती पोरं अडकतील.

माहिती वेळेत पोहोचली नाही तर जागा कशा रिकाम्या राहतात, याचा बीबीए-बीसीए या व्यवस्थापन आणि संगणकाच्या पदव्यांचा धडा ताजा आहे. २०२४ मध्ये या अभ्यासक्रमांना सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, लागू झाली. ग्रामीण भागात अनेकांना परीक्षा आहे हेच कळलं नाही. जागा मोठ्या प्रमाणात रिकाम्या राहिल्या, दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली आणि कित्येक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून सीईटीतून सुटका करून घेतली.

शेवटी एसटी. अहिल्यादेवी होळकर योजनेत मुलींना बारावीपर्यंत मोफत पास मिळतो. पदवीला आल्यावर तीच मुलगी, तीच गाडी, तोच थांबा. पण आता सवलतीच्या पाससाठी भाड्याचा तिसरा हिस्सा रोख भरायचा. शिक्षण शुल्क माफ झालेल्या मुलीचं नाव महिन्याच्या पासापायी सुटलेलं खिडकीवर दिसतं. हा पास पदवीच्या तीन-चार वर्षांपर्यंत वाढवावा आणि सकाळी साडेसातच्या तासाला पोहोचेल अशी एक गाडी प्रत्येक महाविद्यालयीन मार्गावर जुलैपासून सुरू व्हावी. सध्या वेळापत्रकाचा विषय आगारात निघतो तोवर पहिलं सत्र अर्धं झालेलं असतं.

आपले,
महाविद्यालयीन प्रवेश व शिष्यवृत्ती विभागाचं काम पाहणारे काही प्राध्यापक व लेखनिक,
सातारा जिल्हा