ताई, पंगतीत आधी कोण बसतं?

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत.

गेल्या हिवाळ्यात समुद्राच्या पाण्याचं माझं संगणकी मॉडेल धडधडीत खोटं बोलत होतं. जपानच्या सेतो अंतर्देशीय समुद्रात, हरिमा-नादाकडे, जाळ्यांवर वाढवलेली नोरी, म्हणजे खायचं समुद्रशेवाळ, काळीभोर असायची ती पिवळट पडते. इथले लोक त्याला 'इरो-ओची' म्हणतात, म्हणजे रंग उतरणं. रंग उतरला की भाव गेला. वरवरचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं: १९७३ च्या कायद्यानंतर सांडपाण्याला आवर बसला, रेड टाइड (सूक्ष्म वनस्पती माजून पाण्याचा रंग बदलणं) कमी झाल्या, पण नोरीचं खाद्य असलेला पाण्यातला नायट्रोजनही घटला. माझ्या मॉडेलमध्ये मात्र फेब्रुवारीतही नायट्रोजनची चंगळ! नद्या तपासल्या, पॅसिफिकमधून आत येणारं पाणी तपासलं, तळाच्या गाळातून सुटणारा अमोनियम तपासला. (मायक्रोमोलचे मायक्रोग्रॅम करताना १४ ने गुणायचं एका जागी राहिलं होतं, ते तुम्ही दहा मिनिटांत पकडलंत. तो विषय इथेच संपवू.)

चूक सुधारूनही मॉडेलची नायट्रोजनची रेघ हलेना. तेव्हा तुम्ही विचारलंत, "पंगतीत आधी कोण बसतं गं?"

मी सगळ्या सूक्ष्म वनस्पती एकाच डब्यात कोंबल्या होत्या, आणि तो डबा वसंतात फुलायचा. खऱ्या समुद्रात युकॅम्पिया नावाचा डायटम (एक सूक्ष्म शैवाल) हिवाळा सरता सरता, नोरीची कापणी चालू असतानाच माजतो आणि नायट्रेट, म्हणजे पाण्यातला तोच नायट्रोजन, फस्त करतो. नोरी बिचारी जाळ्याला बांधलेली. वाढपी तिच्यापर्यंत येईल तेव्हा खरं. युकॅम्पियाला वेगळा डबा दिला, थंड पाण्यात वाढू दिलं, आणि रेघ मोजमापांच्या ठिपक्यांकडे झुकली. मी रात्री दीड वाजता एकटीच टाळ्या वाजवल्या.

ह्योगो प्रांतातली काही सांडपाणी केंद्रं आता हिवाळ्यात मुद्दाम थोडा जास्त नायट्रोजन सोडतात. २०२१ मध्ये कायदाही त्या दिशेनं बदलला. आवाजी बेटावर शेतकरी आणि मच्छीमार मिळून तळी उपसतात नि गाळाचं पाणी समुद्राला देतात. त्यातलं नोरीच्या पानात किती पडतं आणि युकॅम्पिया किती लाटतो, हे आता मला मॉडेलला विचारता तरी येतं.

नोरीची दोन पाकिटं पाठवली आहेत. रंग उतरलेली नाहीत, बघून घेतली. मागच्या वेळी तुम्ही ती आमटीत टाकलीत म्हणे. या वेळी आधी नुसती शेकून बघा.

तुमची,
सेतोकाठची विद्यार्थिनी