बाबा, तुमचं शुभ सकाळ अकराला येतं

आई, बाबा,

फोनवर झोपेचा विषय काढला की बाबा "बरं बरं, घे आईशी बोल" करून फोन देऊन मोकळे होतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, चष्मा लाव आणि मोठ्याने वाचून दाखव, मध्येच टीव्हीचा आवाज वाढला तर रिमोट लपव.

बाबा, तीन महिन्यांची सरासरी शुगर, ती HbA1c टेस्ट, ६.१ आलीय. ५.७ च्या आत नॉर्मल, ६.५ पासून पुढे डायबेटिस, म्हणजे तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, आणि तिथे गर्दीही भरपूर आहे, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या सर्व्हेत देशात १३ कोटींवर माणसं याच पट्ट्यात निघाली. तुम्ही चहातली साखर सोडलीत आणि ते नाशकात पंचवटीपासून सिडकोपर्यंत सगळ्या नातेवाइकांना सांगूनही झालंय. मान्य. पण मला खाण्याबद्दल बोलायचंच नाहीये.

मागच्या आठवड्यात तुमचे शुभ सकाळचे मेसेज बघत बसले होते. सोमवारी ६.५०. मंगळवारी १०.४०. बुधवारी रात्री मॅच, मग गुरुवारी थेट ११.२० ला, आणि तेव्हाही गुलाबाच्या फोटोखाली "पहाटेच्या मंगल शुभेच्छा". आधी खूप हसले, मग नाही हसू आलं. ब्रिटनमधल्या ८४ हजार लोकांच्या मनगटावर आठवडाभर झोप मोजणारा पट्टा बांधला होता, सरासरी वय ६२, तेव्हा कोणालाच डायबेटिस नव्हता, मग सातेक वर्षं लक्ष ठेवलं. २०२४ ला निकाल आला, ज्यांच्या झोपेचे तास रोज तासाभरापेक्षा जास्त मागेपुढे होत होते त्यांच्यात डायबेटिसचा धोका ३४ टक्के जास्त. वजन, व्यायाम, घराण्यातला आजार हे सगळं हिशोबात धरलं की हा आकडा बराच खाली येतो हेही सांगते, नाहीतर म्हणाल पोरगी घाबरवते. पण तुमचं मागेपुढे तासाचं नाहीये हो, चार तासांचं आहे!

आणि मॅच बघताना साडेबाराला चिवड्याची वाटी. त्या वेळी शरीर झोपेच्या तयारीत असतं, इन्सुलिन दिवसासारखं काम करत नाही, तेवढाच चिवडा दुपारी चारला खाल्लात तर साखर इतकी चढणार नाही.

आता जास्त झोपण्याचं. सात-आठ तास झोपणाऱ्यांमध्ये डायबेटिस सगळ्यात कमी दिसतो, त्याहून कमी झोपणाऱ्यांत जास्त आणि नऊच्या वर झोपणाऱ्यांतही जास्त. म्हणजे जास्त झोपल्यामुळेच होतो असं नाही, बरेचदा उलटं असतं, आत काहीतरी बिघडलेलं असतं म्हणून माणूस झोपत राहतो. काका तुम्हाला आळशी म्हणतात ना, मला ते अजिबात पटत नाही. दहा तास झोपून उठलेला माणूस साडेअकराला पेपर तोंडावर घेऊन परत घोरतो म्हणजे त्याची झोप होतच नाहीये. आई, तूच म्हणालीस ना, बाबांचं घोरणं मध्येच एकदम थांबतं, तू श्वास रोखून बघत बसतेस आणि मग ते दचकून मोठा श्वास घेतात? त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात बहुतेक, त्यात रात्रभर ऑक्सिजन खालीवर होतो, शरीर सारखं घाबरून जागं होतं आणि त्यानेही साखर वाढते. स्लीप स्टडी नावाची टेस्ट असते, एका रात्रीचं काम. पुढच्या वेळी डॉक्टरांना शुगरच्या आधी हे सांगायचं, आणि आई तू सांग, बाबा "थोडंसं घोरतो" म्हणून विषय संपवतील.

"तीस वर्षं भोंग्यावर नाचलो, आता तरी झोपू दे" हे तुमचं वाक्य पाठ आहे मला. आणि खरंच आहे ते. सातपूरच्या कारखान्यात थर्ड शिफ्ट असली की तुम्ही सकाळी आठला येऊन झोपायचात आणि कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून आई डाळ पातेल्यात शिजवायची, आम्ही दोघं कॅरमच्या सोंगट्या बोटाने न मारता नुसत्या सरकवायचो. त्या शिफ्टनेसुद्धा शुगरच्या हिशोबात आपला वाटा टाकलाच असणार, रात्रपाळी करणाऱ्यांना धोका जास्त असतो. म्हणून तर म्हणतेय, तेव्हा इलाज नव्हता. आता पहाटे उठा असं मी म्हणतच नाहीये, आठला उठा पण रोज आठलाच, मॅच असो नसो. उठून गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर दोन फेऱ्या मारल्यात तर फारच छान.

आई, तू हसू नकोस. दुपारी दोन ते साडेचार घोंगडं पांघरून झोपतेस, मग रात्री एकपर्यंत कूस बदलतेस. अर्धा तास बास. मी पण काही शहाणी नाही, अमेरिकेचे कॉल संपेपर्यंत एक वाजतो, त्यामुळे मीही आता रविवारी अकरापर्यंत लोळणं बंद केलंय, दोनच रविवार झालेत पण झालेत.

शुक्रवारी पंचवटी एक्सप्रेसने येतेय. बाबा, स्टेशनवर यायचं नाही आणि हॉलमध्ये जागत पण बसायचं नाही, रिक्षा करून येते मी. किल्ली तुळशीच्या कुंडीखाली ठेवा आणि झोपा.

तुमची,
चिऊ