फार्गोहून अण्णांना पत्र

फार्गो, नॉर्थ डकोटा
12 ऑक्टोबर 2025

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि तुमचा प्रश्नही हो-नाहीत उरकण्यासारखा नव्हता. म्हणून कागद घेतला. ‘तिकडे राहून तिकडचं कोण वाचतेस?’ असं विचारलंत. कादंबरीकार लुईस अर्ड्रिक. नाव ऐकलं नसेल तुम्ही, पण तुमच्या साखर कारखान्यातल्या जन्मभराच्या नोकरीशी या बाईचा जवळचा संबंध आहे, तेव्हा थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

इथे सध्या हंगाम चालू आहे. उसाचा नव्हे, साखरेच्या बीटाचा. पांढरट, मातीने माखलेले किलो-दीड किलोचे कंद भरून रात्रंदिवस ट्रक धावताहेत. तोडलेला ऊस दिवसभरात गव्हाणीत पडला नाही की रिकव्हरी, म्हणजे साखरेचा उतारा, घसरते, म्हणून तुम्ही किती वैतागायचात! इथे बीट उघड्यावरच रचून ठेवतात. थंडीत ते गोठतं, तसंच टिकतं आणि कारखाना वसंतापर्यंत चालतो. गंमत म्हणजे हे कारखाने सहकारी आहेत. 1973 मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी एक मोठी साखर कंपनीच विकत घेतली. शेअर घ्यायचा आणि त्या प्रमाणात बीट लावायचं. वार्षिक सभेत आरडाओरडा होतो का, ते अजून पाहायचंय.

या रेड रिव्हरच्या खोऱ्यात, फार्गोच्या दक्षिणेला वॉपेटन नावाचं गाव आहे. लुईसबाई तिथे वाढल्या. जन्म 1954 चा. वडील जर्मन वंशाचे, आई ओजिब्वे या इथल्या आदिवासी जमातीच्या आणि फ्रेंच रक्ताची. दोघंही आदिवासी मुलांच्या सरकारी निवासी शाळेत शिक्षक. सात भावंडांत ही थोरली. वडील प्रत्येक गोष्टीमागे पाच सेंटचं नाणं द्यायचे, आई रंगीत कागदाच्या पट्ट्या विणून वह्यांना पुठ्ठे करायची. तरुणपणी बाईंनी बीटाच्या शेतात खुरपणीही केली आहे. त्यामुळे त्यांच्या कादंबरीत साखर आली की ती चहाच्या कपातून येत नाही, रानातून येते. 2024 ची ‘द मायटी रेड’ तर याच पिकाची, त्यावरच्या फवारण्यांची आणि कर्जाची आहे.

1972 मध्ये त्या डार्टमथ कॉलेजात गेल्या. दोनशे वर्षं फक्त मुलांचं असलेल्या या कॉलेजने त्या वर्षी पहिल्यांदा मुलींना घेतलं. तिथे आदिवासी अभ्यासाचा विभाग सुरू करणारे मायकेल डॉरिस पुढे त्यांचे नवरे झाले. दोघं एकमेकांचं लेखन ओळन्‌ओळ तपासत. तो संसार मोडला आणि 1997 मध्ये डॉरिसनी आत्महत्या केली. त्यावर इथे पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यात शिरावंसं वाटत नाही.

पहिली कादंबरी ‘लव्ह मेडिसिन’, 1984 ची. जून नावाची बाई ईस्टरच्या दिवसांत बर्फातून घराकडे चालत निघते आणि पोचत नाही. पुढचं सगळं पुस्तक तिच्या नात्यागोत्यातली माणसं आपापल्या तोंडाने सांगतात. ही घराणी पुढच्या पुस्तकांतही भेटत राहतात. एकात म्हातारी असलेली बाई दुसऱ्यात तरणीताठी. मी वहीत वंशावळ काढून ठेवली आहे, तरी गोंधळ होतो. मधल्या काही कादंबऱ्यांत इतकी गर्दी आहे की दोन मी अर्ध्यात ठेवल्या. तुम्हाला एक गोष्ट पटणार नाही: बाईंनी ‘लव्ह मेडिसिन’ छापून झाल्यावर 1993 मध्ये वाढवली आणि 2009 मध्ये पुन्हा बदलली. छापलं ते छापलं, असं तुम्ही म्हणाल. मला मात्र ते आवडलं.

पण तुम्ही सुरुवात करायची ती ‘द नाईट वॉचमन’पासून. या पुस्तकाला 2021 चं पुलित्झर मिळालं. आधीच्या ‘द राऊंड हाऊस’ला नॅशनल बुक अवॉर्ड होतं, तेही चांगलंच आहे, पण हे तुमचं पुस्तक. त्यातला थॉमस म्हणजे बाईंचे आजोबा, आईचे वडील. कॅनडाच्या सीमेलगत टर्टल माउंटन ही त्यांच्या जमातीची राखीव वस्ती, जेमतेम सहा मैल बाय बारा मैल. तिथे घड्याळांत आणि लष्करी यंत्रांत बसवायचे बारीक रत्नखडे घडवण्याचा कारखाना निघाला. त्यात हे रात्रपाळीचे पहारेकरी आणि दिवसा जमातीचे अध्यक्ष. 1 ऑगस्ट 1953 ला वॉशिंग्टनच्या काँग्रेसने ठराव केला की ठरावीक जमातींशी असलेले सरकारी करारसंबंध संपवायचे. टर्टल माउंटनचं नाव त्यात होतं. म्हणजे जमीन, दवाखाना, शाळा, सगळंच धोक्यात.

मग हा माणूस रात्री फेऱ्यांच्या मधल्या वेळात दिवा लावून पत्रं लिहितो. खासदारांना, अधिकाऱ्यांना, वर्तमानपत्रांना. अक्षर घोटीव. वॉशिंग्टनला जायच्या भाड्यासाठी वस्तीतली माणसं मुष्टियुद्धाचा सामना भरवून पैसे उभे करतात! 1954 मध्ये शिष्टमंडळाने तिकडे जाऊन साक्ष दिली आणि त्यांची जमात वाचली. मेनोमिनी, क्लॅमथ या दुसऱ्या जमाती वाचल्या नाहीत. आजोबांनी त्या काळात लेकीला आणि जावयाला लिहिलेली खरी पत्रं बाईंना घरात मिळाली, त्यांवर हे पुस्तक उभं आहे. सेवाज्येष्ठतेसाठी तुम्ही कामगार आयुक्तांना अर्जामागून अर्ज करत होतात, आई झोपायला हाक मारायची. तुम्हाला थॉमसचा कंटाळा येणार नाही, एवढं खात्रीने सांगते.

उन्हाळ्यात मिनियापोलिसला गेले होते, तेव्हा बाईंचं दुकान पाहून आले. बर्चबार्क बुक्स. छोटंसंच, घरांच्या गल्लीत. छताला होडी टांगलेली आणि पुस्तकांच्या मधोमध चर्चमधली लाकडी कबुलीजबाबाची खोली. बाई काही भेटल्या नाहीत. लेखकाला भेटून करायचं तरी काय, हे तुमचंच वाक्य.

‘नाईट वॉचमन’ मोठ्या टायपात मिळालं. डिसेंबरात नीलू येतेय सांगलीला, तिच्याबरोबर पाठवते. इंग्रजी सोपं आहे. ओजिब्वे शब्द आले तर अडू नका, पुढे जा. आईला गोष्ट सांगत वाचा, मुष्टियुद्धाचं प्रकरण तिला आवडेल. आई, नीलूकडे मेतकूट आणि जवसाची चटणी दे. लोणचं नको, मागच्या वेळी बॅगेत तेल सांडलं होतं.

तुमची,
मंजू