सूचना : मूडलवरची क्विझ शनिवारपर्यंत लावून ठेवा

सर्व विषय शिक्षकांना,

पहिली घटक चाचणी येत्या सोमवारी सकाळी ११ ते १२ मूडलवर (ऑनलाइन शिकवण्या-परीक्षांच्या प्रणालीवर) होईल. आपापल्या विषयाची क्विझ शनिवारी दुपारी ४ पर्यंत तयार हवी. अडचण असलेल्यांनी शुक्रवारी २ ते ४ संगणक कक्षात यावे, मी तिथेच आहे.

– प्रश्न आधी क्वेश्चन बँकेत (मूडलमधल्या प्रश्नांच्या साठ्यात) टाका, धड्यानुसार कॅटेगरी करून. पुढच्या वर्षी तेच कामी येतात.

– क्विझ बंद होण्याची वेळ आणि टाइम लिमिट (सोडवायला मिळणारी मिनिटे) वेगवेगळे. लिमिट ३० मिनिटांची असली तरी ११.४५ ला सुरू करणाऱ्याला १५च मिनिटे मिळतात, कारण १२ ला क्विझ बंद होते. मुलांना हे वर्गात सांगाच.

– अटेम्प्ट एकच. वेळ संपताच उत्तरे आपोआप जमा होतील, हा पर्याय निवडा.

– रिव्ह्यू ऑप्शन्समध्ये (मुलांना काय कधी दिसावे, ते ठरवणाऱ्या भागात) ‘बरोबर उत्तर’ची खूण फक्त क्विझ बंद झाल्यानंतरच्या रकान्यात ठेवा. नाहीतर पहिल्याचा पेपर संपला की उत्तरे ग्रुपवर फिरलीच म्हणून समजा!

– ‘वरीलपैकी सर्व’ असा पर्याय असेल तिथे पर्यायांचे शफल (क्रम आपोआप बदलणे) बंद करा. तो पर्याय सर्वांत वर आला तर काय अर्थ?

– जादा वेळेची सवलत असलेल्यांसाठी युजर ओव्हरराइड (एकेका विद्यार्थ्यासाठी वेगळी वेळ लावण्याची सोय) वापरा. लिमिटबरोबर बंद होण्याची वेळही वाढवा.

एका जरी विद्यार्थ्याने क्विझ सुरू केली की प्रश्न वाढवता-काढता येत नाहीत. म्हणून प्रिव्ह्यूमध्ये स्वतः एकदा सोडवून बघा आणि मगच ‘तयार’ असे कळवा.

– परीक्षा समन्वयक