चतुर्थीच्या नाटकातला गाळलेला पुरावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दागिन्यांच्या चोरीवरचे एक दोन अंकी विनोदी नाटक चतुर्थीच्या संध्याकाळी एका मराठी वाहिनीने दाखवले. सणाला घरी जमलेल्या लहानथोरांनी एकत्र बसून पाहावे असे काही निवडल्याबद्दल वाहिनीचे आभार मानायला हवेत. परंतु ते ज्या प्रकारे कापून दाखवले गेले, त्याविषयी तक्रार नोंदवणे मला आवश्यक वाटते.

गुन्ह्यावरचे विनोदी नाटक कुठेही कात्री लावून आखूड करता येत नाही. साध्या कौटुंबिक प्रहसनातला एखादा प्रवेश गाळला तर हशा थोडा कमी होतो, एवढेच. येथे मात्र पहिल्या अंकात ज्या वाक्याला प्रेक्षक हसतात तेच वाक्य अखेरच्या प्रवेशात पुरावा म्हणून पुढे येते, आणि हसण्याच्या भरात तो दुवा आपल्या लक्षातून निसटावा हीच लेखकाची योजना असते. या नाटकात भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असल्याचे मोलकरीण पहिल्या अंकात बोलून जाते. प्रक्षेपणात हे बोलणेच नव्हते. त्यामुळे फौजदाराने शेवटी घड्याळावरून चोर ओळखला तेव्हा, हे नाटक पूर्वी रंगमंचावर पाहिलेले आम्ही दोघे-तिघे सोडल्यास, घरातल्या कोणालाही उलगडा झाला नाही.

चित्रीकरणाचेही तसेच. सोफ्यामागे लपलेला चोर आणि त्याच सोफ्यावर बसून त्याला पकडण्याच्या बढाया मारणारा फौजदार हे दोघे एकाच वेळी दिसण्यातच गंमत आहे. कॅमेरा फौजदाराच्या चेहऱ्याला चिकटला की चोर दिसेनासा होतो, आणि मागाहून जोडलेले हास्य तेवढे ऐकू येत राहते.

जाहिराती लागणारच. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ नुसार तासाला बारा मिनिटांपर्यंत त्यांना मुभा आहे. म्हणजे दोन तासांच्या वेळेत नाटकाला ९६ मिनिटे उरतात, आणि अडीच तासांचा प्रयोग त्यात बसवायचा तर जवळजवळ तासाभराचे नाटक कापावे लागते. यावर उपाय साधा आहे. पहिला अंक एका संध्याकाळी आणि दुसरा दुसऱ्या संध्याकाळी दाखवावा. चोर कोण यावर घराघरांत रात्रभर वाद रंगतील, आणि ती मजाही या प्रकारच्या नाटकाचीच आहे.

प्रेक्षकांना एवढा धीर नसतो, हे कारण निदान गोव्यात तरी कोणी सांगू नये. फोंडा तालुक्यातील देवस्थानांच्या उत्सवांत मध्यरात्र उलटली तरी मंडपातून न उठणारे आणि कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेतील प्रयोगांवर नंतर कित्येक दिवस चर्चा करणारे प्रेक्षक येथे आहेत. आपल्या गावोगावच्या हौशी मंडळांकडेही अशी नाटके बसवण्याची ताकद आहे. त्यांचे प्रयोग रवींद्र भवनात, समोर प्रेक्षक बसवून, संपूर्ण रंगमंच दिसेल असा एक कॅमेरा कायम ठेवून चित्रित करावेत आणि कृत्रिम हशा न जोडता दाखवावेत. दिवाळीच्या कार्यक्रमांची आखणी वाहिन्या लवकरच करतील. त्याआधी ही सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचावी, म्हणून या पत्रास आपल्या दैनिकात जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक
म्हार्दोळ, फोंडा