बीएमएक्स शर्यत म्हणजे स्टंटबाजी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावातील अनगोळच्या टोकाला नव्या वसाहतीलगत जी मोकळी जागा आहे, तेथे आमच्या भागातील दहा-बारा मुलामुलींनी मे महिन्याच्या सुट्टीत बीएमएक्स सायकल शर्यतीसाठी लाल मातीचे पाच उंचवटे रचले होते आणि दोन कोपऱ्यांवर कलती वळणे बांधली होती. दिवाळीत किल्ले बांधणारेच हे हात असल्यामुळे माती किती भिजवावी, कोठे चोपावी आणि पाण्याला वाट कोठून काढून द्यावी, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पाऊस सुरू होण्यापूर्वीच काही रहिवाशांनी ‘ही स्टंटबाजी बंद करा’ अशी तक्रार केली आणि एका सकाळी जेसीबीने सारे सपाट करून टाकले. तक्रार करणाऱ्यांवर माझा राग नाही. बीएमएक्स म्हटले की मोबाईलवर दिसणाऱ्या कोलांट्या एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि माझा अकरा वर्षांचा नातू या खेळात शिरेपर्यंत मलाही त्याहून अधिक ठाऊक नव्हते. आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांना, विशेषतः पालकांना, ही शर्यत प्रत्यक्षात कशी चालते हे कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात १९७० च्या सुमारास, मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यती पाहून तेथील मुलांनी आपल्या छोट्या सायकली तशाच पळवायला सुरुवात केली, त्यातून हा खेळ जन्मला. १९८१ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, १९८२ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. कसरतींचा जो प्रकार आपण पाहतो तो फ्रीस्टाइल. तो ऑलिंपिकमध्ये पुढे टोकियोच्या वेळी आला आणि त्यात परीक्षक गुण देतात. शर्यतीत उडीला गुण नाहीत. ज्याचे पुढचे चाक अंतिम रेषा आधी ओलांडेल तो पहिला, इतका हा निकाल सरळ आहे. किंबहुना हवेत जितका वेळ जाईल तितका वेळ पायडल मारता येत नाही, म्हणून चांगला स्पर्धक उडी शक्य तेवढी बुटकी ठेवतो.

शर्यतीचा मार्ग साधारण तीनशे ते चारशे मीटर लांब असतो. आरंभी एक टेकडी, तिच्यावरून उतरल्यावर बहुधा चार सरळ पट्टे आणि त्यांना जोडणारी तीन कलती वळणे, अशी त्याची मांडणी असते. सरळ पट्ट्यांवर निरनिराळ्या घडणीचे उंचवटे असतात : सपाट माथ्याचा टेबलटॉप, दोन शिखरांमध्ये दरी असलेला डबल, आणि लहान उंचवट्यांची लागोपाठ रांग, जिला रिदम सेक्शन म्हणतात. एका वेळी आठच स्पर्धक सुटतात आणि तीस-चाळीस सेकंदांत निकाल लागतो. ऑलिंपिकच्या मार्गावरील टेकडी सुमारे आठ मीटर, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीइतकी उंच असते आणि तिच्यावरून उतरताना ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेग येतो. नवशिक्यांचा मार्ग मात्र असा नसतो. तेथे टेकडी बेताची असते आणि कोणताही उंचवटा चाके जमिनीवर ठेवूनच पार करता येतो. पालकांनी ही गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी.

निम्मी शर्यत सुरुवातीलाच ठरते, असे जाणकार म्हणतात, आणि नातवाचा सराव पाहून मला ते पटले आहे. टेकडीच्या माथ्यावर आडवी उभी असलेली फळी म्हणजे गेट. पुढचे चाक तिला टेकवून, दोन्ही पाय पायडलवर ठेवून, तोल सांभाळत स्पर्धक उभा असतो. ध्वनिक्षेपकावरून ‘रायडर्स रेडी, वॉच द गेट’ असा पुकारा होतो आणि त्यानंतर ०.१ ते २.७ सेकंदांच्या दरम्यान, दर वेळी वेगळ्या अंतराने, चार बीप वाजतात व लाल, पिवळा, पिवळा, हिरवा असे दिवे लागतात. पहिल्या बीपपासून शेवटच्या बीपपर्यंत अर्धा सेकंदही जात नाही आणि हिरव्याबरोबर फळी खाली पडते. अंदाजाने आधीच जोर लावणाऱ्याचे चाक उभ्या फळीवर आदळते आणि बाकीचे सात जण पुढे निघून जातात. नातू घराच्या कट्ट्याला पुढचे चाक टेकवून हाच सराव करतो. पहिल्या दिवशी तो तीन सेकंदांत लवंडला आणि ‘सीटवर बस की रे’ असे मी म्हणताच, ‘आजोबा, बसायचं नसतं, शेवटपर्यंत उभंच राहायचं असतं,’ असे त्याने मला ऐकवले. आता बळकट पायाचे पायडल आडव्या रेषेच्या किंचित वर ठेवून तो अर्धा मिनिट निश्चल उभा राहतो. त्या वेळी त्याच्या पोटऱ्यांची थरथर दिसते, पण नजर समोरून हलत नाही.

दुसरे कौशल्य पंपिंगचे. पंचमीच्या झोक्यावर उभे राहून झोका चढवताना आपण योग्य क्षणी गुडघे वाकवतो आणि योग्य क्षणी ताठ होतो, त्यात जे घडते तेच येथे घडते. उंचवट्यावर चढताना हात-पाय मुडपून सायकल अंगाशी येऊ द्यायची आणि उतारावर तिला खाली रेटायचे, म्हणजे एकदाही पायडल न मारता वेग वाढत जातो. ज्याला हे साधले त्याला नुसत्या ताकदीच्या जोरावर गाठणे कठीण. वळणावरही डोके चालवावे लागते, कारण वरच्या अंगाने शिरून खालच्या अंगाने बाहेर पडणारा पुढच्याला आतून गाठू शकतो. कोपराला कोपर लागते हे खरे, परंतु हाताने वा पायाने दुसऱ्याला मुद्दाम ढकलणे नियमबाह्य आहे.

गुणांची रीत सोपी आहे. प्रत्येक गटाच्या सहसा तीन प्राथमिक फेऱ्या होतात, त्यांना मोटो म्हणतात. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, याप्रमाणे आठव्याला आठ. ज्याची बेरीज कमी तो वर. दुसरा, पहिला आणि तिसरा आलेल्याचे सहा गुण झाले, तर एकदा पहिला येऊन पुढे दोनदा पाचवा आलेल्याचे अकरा. प्रत्येक मोटोत गेटवरील जागा बदलते, त्यामुळे आतली जागा मिळाल्याचा लाभ एकालाच होत नाही. त्यानंतरच्या बाद फेऱ्यांत आठांतील पहिले चौघे पुढे जातात आणि अखेर आठ जणांची अंतिम शर्यत होते. मुलांचे आणि मुलींचे वयोगट वेगळे असतात आणि अगदी पाच वर्षांपासूनच्या मुलांना भाग घेता येतो. कोलंबियाच्या मारियाना पाहोन हिने २०१२ आणि २०१६ अशी सलग दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. आमच्या गल्लीतील दोघी मुलींनी तिचे छायाचित्र वहीच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे.

सायकलीविषयी मात्र सावध करणे भाग आहे. मी शहरातील एका दुकानातून ‘शर्यतीची बीएमएक्स’ म्हणून जी सायकल घेतली, ती चाकांच्या आसाला लोखंडी खुंट्या लावलेली, वजनदार, कसरतींची सायकल निघाली आणि पावती होऊनही ती परत घेतली गेली नाही. शर्यतीच्या सायकलीचा सांगाडा हलका असतो, चाके बहुधा वीस इंची, सीट खाली, गिअर एकच आणि ब्रेक फक्त मागे. पुढे चव्वेचाळीस आणि मागे सोळा दाते ही मोठ्यांची नेहमीची जोडी. खुंट्या, स्टँड, कॅरिअर यांपैकी काहीही नको. मात्र हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा आणि लांब पँट यांत कसलीही सवलत घेऊ नये. सायकल जुनी चालेल, हेल्मेट मात्र धडधाकटच हवे.

या खेळाला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी आपल्या भागात आहेत, म्हणूनच मला एवढी तळमळ वाटते. खानापूरपासून बेळगावपर्यंत लाल मातीची वाण नाही. गेट म्हणजे हवेच्या दाबाच्या सिलिंडरवर पडणारी एक फळी, आणि उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील आपल्या कारागिरांना असे सिलिंडर व सांगाडे बनवणे नवीन नाही. विजापूर-बागलकोटकडील मुलांनी रस्त्यावरच्या सायकल शर्यतींत नाव काढले आहे, तर बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांना मातीतल्या शर्यतीची गोडी का लागू नये? अडचण आहे ती जागेची आणि आपल्या पावसाची. चर न खणलेला मार्ग एका पावसाळ्यात वाहून जातो, म्हणून जागा थोडी उताराची आणि निचऱ्याची हवी.

महापालिकेने अथवा शहरालगतच्या एखाद्या ग्रामपंचायतीने खेळासाठी राखलेल्या जागेचा एखादा कोपरा मुलांना द्यावा, आणि शाळांतील क्रीडाशिक्षकांनी तेथे हेल्मेटशिवाय कोणालाही उतरू देऊ नये, एवढीच विनंती आहे. मुलांनी नव्या मार्गाचा आराखडा चौकटींच्या वहीत आखून ठेवला आहे आणि त्यात चरही दाखवले आहेत. पावसाळा संपल्यावर माती पुरती वाळण्यापूर्वीचे पंधरा दिवस ती चोपण्यासाठी उत्तम असतात. जागा मिळाली तर माती चोपायचे दोन धुमस माझ्या घरी तयार आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
अनगोळ, बेळगाव